वाचकांचे प्रश्न : कॅम्पातली गिटार आणि एक्केचाळीस मीटरवरच्या रात्री

मागच्या अंकात एका वाचकाच्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या जुन्या रेडिओबद्दल लिहिताना मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की सत्तरच्या दशकात आम्ही पाच जणं बेळगावच्या कॅम्पात इंग्लिश गाणी वाजवायचो, रॉक म्हणतात ती, आणि माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार रेडिओवर चालायची. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की रेडिओ राहिला बाजूला. बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेतो, आज फक्त हेच.

प्रश्न : काका, आजोबा म्हणतात तुमच्या वेळी बेळगावात रॉक वाजवणारी मुलं होती. मला खरंच वाटत नाही. इंटरनेट नाही, टीव्ही नाही, मग तुम्ही ऐकायचात कुठनं?
— कॉलेजला जाणारी एक मुलगी, टिळकवाडी

आजोबा खरं सांगतायत बाळ. ऐकायचो रेडिओवर. रेडिओ सिलोन लागायचं २५ आणि ४१ मीटरवर, म्हणजे शॉर्टवेव्हच्या दोन पट्ट्यांवर, आणि रात्री ४१ चांगलं, कारण शॉर्टवेव्हच्या लहरी वर आकाशातल्या थरावर आपटून खाली येतात आणि तो थर दिवसा वेगळा आणि रात्री वेगळा वागतो, म्हणून जे स्टेशन दुपारी नुसतं खरखरतं तेच रात्री दहाला शेजारच्या खोलीत कुणी गातंय असं स्वच्छ येतं. आम्ही माडीवर दोन बांबू उभे करून मधे तांब्याची तार ताणली होती, एरियल म्हणून. घरात एकच सेट, त्याचं लायसन्स पोस्टातनं काढलेलं, आणि आजीचं सांगली स्टेशनवरचं कीर्तन संपल्याशिवाय काट्याला हात लावायचा नाही हा नियम.

आता ह्यातली खरी गंमत सांगतो. सिग्नल कधी एकसारखा राहायचा नाही, लाटेसारखा यायचा आणि जायचा, नेमकी धृपदाची ओळ आली की आवाज बुडायचा आणि परत वर येईपर्यंत ओळ संपलेली. पण माझ्याकडं बुडालेली ओळ शहापूरच्या मित्राकडं ऐकू आलेली असायची, आणि त्याची हुकलेली वडगावातल्याला गावलेली असायची. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कट्ट्यावर वह्या काढायच्या आणि प्रत्येकाचे तुकडे जोडून एक अख्खं गाणं तयार करायचं. आमच्यातले तिघं मराठी मिडियमचे, त्यामुळं ते सगळं इंग्लिश गाणं वहीत देवनागरीत लिहिलेलं. एक गाणं पुरं व्हायला कधी कधी तीन आठवडे लागायचे, कारण ते परत लागेल तेव्हा लागेल. माझी ती वही अजून आहे, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, त्यात जागा सोडून सोडून ओळी लिहिल्यात आणि काही जागा आजपर्यंत रिकाम्याच आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे जेएस, ज्युनियर स्टेट्समन. कलकत्त्याचं तरुणांसाठीचं नियतकालिक, १९६७ ला सुरू झालं आणि १९७७ ला बंद पडलं, डेस्मंड डॉइग संपादक होते. आमच्यापर्यंत शिळं होऊन यायचं, पण कुठल्या शहरात कुठला ग्रुप काय वाजवतोय हे त्यातनंच कळायचं, मुंबई, कलकत्ता, बंगळूर, शिलाँग. शिलाँग कुठं आहे ते मी आधी त्यात वाचलं, मग नकाशात बघितलं.

आणि तिसरी गोष्ट रेकॉर्ड. कॅम्पात एका घरातला थोरला मुलगा जहाजावर होता, तो सुट्टीला आला की ट्रंकेत एक-दोन एलपी असायच्याच. मेडिकलच्या होस्टेलवर बाहेरगावची पोरं, त्यांच्याकडं काही. एक एलपी आली की पंधरा दिवसांत तीस-चाळीस जणांनी ऐकलेली असायची. तेव्हाच्या प्लेअरला १६, ३३, ४५, ७८ अशी चार स्पीड असायची. एलपी ३३ वर वाजते. गिटारचा तुकडा जलद असला, बोटं कळेनात, की तीच एलपी १६ वर लावायची, बरोब्बर निम्मा वेग, सूर तेवढा पुरा एक सप्तक खाली जातो, पण नोट तीच राहते, सा चा साच. मग एकेक सूर मोजून घ्यायचा. आत्ता तू यूट्यूबवर स्पीड कमी करून शिकत असशील ना, तेच ते.

प्रश्न : तुमच्या आठवणी वाचल्या. राग मानू नका, पण ही सगळी परक्यांची नक्कल होती असं मला वाटतं. आपल्या भागात एवढी मोठी संगीताची परंपरा असताना त्या नकलेबद्दल एवढा उमाळा कशासाठी?
— एक सेवानिवृत्त शिक्षक, निपाणी

गुरुजी, राग बिलकुल नाही, हा प्रश्न माझ्या वडिलांनीही विचारला होता आणि त्यांना मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नव्हतो, म्हणून तुम्हाला सविस्तर देतो.

आपल्या सुळेभावीत १९२४ ला कुमार गंधर्व जन्मले. ते लहानपणी कशासाठी गाजले? मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून त्या जशाच्या तशा म्हणून दाखवायचे म्हणून. हरकत, मुरकी, श्वास सुद्धा तोच. पुढं ते देवधर मास्तरांकडं गाणं शिकायला गेले आणि मग स्वतःचं गाणं कुठल्या कुठं घेऊन गेले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी आमची त्यांच्याशी बरोबरी करत नाही, तसं कुणी करूही नये. मी एवढंच म्हणतो की कानानं ऐकून हुबेहूब काढणं ही गाण्यातली पहिली यत्ता आहे, ती भजनी मंडळातल्या पेटीवाल्यालाही चुकत नाही आणि गिटारवाल्यालाही नाही. आमच्यातले बरेच जण पहिलीतच राहिले हे खरं. पण का राहिले तेही बघा की, पुढची शाळाच नव्हती.

ज्यांना ती गावली ते पुढं गेले. सिमला बीट नावाची स्पर्धा होती, इंपीरियल टोबॅकोनं सिगारेटच्या ब्रँडसाठी भरवलेली, देशभरातले ग्रुप यायचे, आणि १९७० आणि १९७१ ला तिच्या एलपी निघाल्या. त्यात नकला आहेत तशीच पोरांनी स्वतः केलेली गाणीही आहेत. तुम्ही निपाणीचे, तंबाखूच्या पैशावर काय काय चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको, तुमची विडीची तंबाखू आणि ती सिगारेटची एवढाच फरक. बंगळूरला ह्यूमन बाँडेज नावाचा ग्रुप होता. मुंबईत नंदू भेंडे, आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे ह्यांचा मुलगा, म्हणजे मराठी नाटकाच्या ऐन घरातला, तो वेल्व्हेट फॉग नावाच्या ग्रुपमधे गायचा, मग दिग्दर्शक अलेक पदमसींच्या इंग्लिश संगीत नाटकात ज्यूडास झाला आणि लोक अजून त्या आवाजाची आठवण काढतात. २०१४ ला गेला. तो गातो हे आम्हाला कळलं तेव्हा काय वाटलं ते कसं सांगू, आपल्यातलाच एक, आपल्यासारखाच घरी वरणभात खाणारा, आणि हे असं गातो.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमच्या पाच जणांत दोन मराठी, एक कानडी, एक गोव्याचा ख्रिश्चन, घरी कोंकणी बोलणारा, आणि एक कॅम्पातला मुसलमान, दख्खनी बोलणारा. बाहेर तेव्हा काय वातावरण होतं तुम्ही जाणता, सीमावादावरचा महाजन अहवाल येऊन चार-पाच वर्षं झालेली, पाटी कुठल्या भाषेत ह्यावरनं डोकी फुटत होती. आणि आम्ही पाच जणं एका खोलीत बसून कुणाचीच मातृभाषा नसलेलं गाणं वाजवत होतो. त्या खोलीत कुणी यजमान नव्हता, कुणी पाहुणा नव्हता. सीमाप्रश्नावर माझं मत आहे, ते तेव्हाही होतं आणि मी ते कधी लपवलं नाही, आमच्या ड्रमरचं त्याच्या उलट होतं, तोही लपवायचा नाही. तरी आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी सहाला तो सायकलवर ड्रम बांधून यायचाच. तुम्ही उमाळा म्हणालात, तो त्या खोलीचा आहे गुरुजी.

प्रश्न : लोणावळ्याजवळ भारतातलं वुडस्टॉक झालं होतं असं ऐकलं, खरं का? तुम्ही गेलता काय?
— एक वाचक, हुक्केरी

खरं. वुडस्टॉक म्हणजे अमेरिकेतला १९६९ चा उघड्यावरचा मोठा रॉक मेळा, तसंच आपल्याकडं झालेलं. स्नेहयात्रा नाव, मळवलीला, १९७१ साल. मी गेलो नाही, घरनं परवानगी नव्हती. आणि एक भर, लेड झेपेलिन ह्या इंग्लंडच्या रॉक ग्रुपचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट १९७२ ला मुंबईत येऊन आपल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून गेले आणि कुलाब्यात स्लिप डिस्क नावाच्या क्लबात वाजवूनही गेले. आम्हाला हे कळलं तेव्हा ते कधीच परत गेलेले.

प्रश्न : अंकल, मी गिटार वाजवतो. तुम्ही लिहिलं होतं की तुमची पहिली इलेक्ट्रिक गिटार रेडिओवर चालायची. म्हणजे कशी? मला बनवून बघायचीय.
— बारावीतला एक मुलगा, चिकोडी

आधी धोका सांगतो मग कृती, आणि धोका नीट वाच. त्या काळात काही रेडिओ विनाट्रान्सफॉर्मरचे असायचे, त्यांची लोखंडी चौकट थेट मेनला जोडलेली. प्लग उलटा घातला की चौकटीत करंट, चौकटीतनं वायरीत, वायरीतनं गिटारच्या तारेत. आमच्या मित्राला असा झटका बसला की तो भिंतीवर जाऊन आदळला, दोन बोटं काळी झाली होती. तू हे मेनवरच्या जुन्या सेटवर अजिबात करायचं नाहीस, आता छोटे बॅटरीवरचे अँप मिळतात, त्यावर कर.

आता कृती. साधी लाकडी गिटार होती, कलकत्त्याची गिवसन, चौथ्या हाताची. पिकअप विकत मिळायचा नाही, मिळाला तर परवडायचा नाही. पिकअप म्हणजे काय, लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत अगदी थोडी वीज तयार होते, तीच मोठी करायची. चुंबक आम्ही कॅम्पातल्या भंगारातनं आणला, जुन्या हेडफोनमधला. तार जळक्या रिलेमधनं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधल्या गुंडाळीतनं सोडवली, केसाएवढी बारीक, वर इनॅमलचा मुलामा. ती गुंडाळायची कशावर, तर माझ्या आईच्या शिवणाच्या मशीनवर, बॉबिन भरायची जी छोटी चकती असते ना तिच्यावर. आई पाय मारायची, मी दोन बोटांच्या चिमटीत तार सैल धरायचो. जरा ओढ बसली की तुटली. शंभर वेढे झाले की बहीण वाटीत एक चिंचोका टाकायची. कारखान्याच्या पिकअपला सात-आठ हजार वेढे असतात, आमचे पन्नास चिंचोके झाले आणि तार संपली, म्हणजे पाच हजार. तेवढ्यावर भागवलं. टोकाचा मुलामा काडी पेटवून जाळला, ब्लेडनं खरवडला, कथिलाचा डाग दिला, वरनं मेण ओतलं.

व्हॉल्व्हच्या रेडिओला मागं ग्रामोफोन जोडायला दोन भोकं असायची. त्यात ही वायर. बटण ग्रामवर फिरवायचं, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं, अर्धा-एक मिनिट काहीच नाही, नुसता आत नारिंगी उजेड दिसतो. मग मी सहावी तार सोडली. घरातली भांडी वाजली म्हणालो तर खोटं ठरेल, तीन-चार वॅटचा सेट तो. पण आवाज लाकडाचा नव्हता, लांबत गेला, फाटला थोडा, आणि आईनं पाय थांबवून विचारलं, "काय वाजवालाय रे हे?" तिला आवडलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

तारांचं एक सांगायचं राहिलं. तार तुटली की नवी कुठनं आणायची? मिरज. तिथं सतारवाल्यांच्या गल्लीत सतारीची पोलादी तार सुटी मिळायची, तीन नंबरची तार गिटारच्या पहिल्या तारेला चालते. फक्त गिटारच्या तारेच्या टोकाला पितळी मणी असतो, सतारीच्या नसतो, म्हणून तुटलेल्या तारेचा मणी कधी टाकायचा नाही, काड्यापेटीत ठेवायचा आणि नव्या तारेला पिळून बसवायचा. आणि सतारीची पितळी तार घ्यायची नाही, ती चुंबकावर मुकी राहते, पोलादच बोलतं. हे आम्ही दीड रुपया वाया घालवून शिकलो.

प्रश्न : मी त्याच काळातली. माझा भाऊ ग्रुपमधे वाजवायचा, मला त्याच्यापेक्षा जास्त गाणी पाठ होती, पण मला कधी कुणी या म्हणालं नाही. मुली नव्हत्याच का? आणि ती सगळी मुलं गेली कुठं?
— एक आजी, संकेश्वर

ताई, तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. कॅम्पात नाताळच्या डान्सला गोव्याच्या घरांतल्या दोघी-तिघी गायच्या, पण आमच्या घरांतल्या मुली नव्हत्या, आणि त्याचं कारण फक्त आईवडील नव्हते, आम्हीही होतो. माझी बहीण चिंचोके मोजायची, गाणी तिलाही यायची, माझ्यापेक्षा सुरात, आणि तिला गा म्हणावं हे मला सुचलंच नाही. ती चूक माझी आहे. त्याच वर्षांत उषा उत्थुप काठापदराची साडी नेसून, मद्रास आणि कलकत्त्याच्या क्लबांत इंग्लिश गाणी म्हणत होत्या, म्हणजे होऊ शकत होतं. मागच्या रविवारी बहिणीला फोन करून हे बोललो. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग तिनं एका गाण्याचं दुसरं कडवं सरळ म्हणून दाखवलं, माझ्या वहीत जिथं जागा रिकामी आहे तेच.

मुलं कुठं गेली, तर पोटामागं. पंचाहत्तरनंतर गणपतीत आणि लग्नात हिंदी ऑर्केस्ट्राला मागणी, एका रात्रीचे पैसे मिळायचे, आमच्या गाण्यांना कोण देणार? ड्रमर आणि कोंकणी मित्र ऑर्केस्ट्रात गेले, त्या मित्राला चर्चच्या शाळेमुळं स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्य स्वरलिपी, वाचता यायची, त्याला पुढं गोव्यात हॉटेलात कायमचं काम लागलं. एक आखातात गेला. मी बँकेत. मग डिस्को आला, आणि तो पण कुणी मोठा केला तर आपल्याच राज्यातल्या बंगळूरच्या बिद्दू ह्या संगीतकारानं, लंडनला जाऊन. भांडण होऊन ग्रुप मोडला असं नाही झालं. एका पावसाळ्यात ड्रमचं कातडं ओलाव्यानं इतकं सैल पडलं की शेगडीवर शेकूनही ताठ होईना, नवीन घ्यायला पैसे नव्हते, पाऊस संपल्यावर बघू म्हणालो, आणि पाऊस संपेपर्यंत दोघांना नोकरीचे कॉल आलेले होते.

प्रश्न : वडील दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या कपाटात एक जुनी कॅसेट सापडली, वर शाईनं फक्त "कॅम्प" लिहिलंय. वाजवली तर पुरं कीर्तन आहे, पण एका बाजूच्या शेवटी तीन-साडेतीन मिनिटं इंग्लिश गाणं वाजतं, आणि ते सुरू व्हायच्या आधी कुणीतरी कानडीत "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु" ओरडतं. हे काय आहे? आणि कॅसेट टिकवायची कशी?
— एक वाचक, खानापूर

आधी टिकवायचं सांगतो कारण ते तातडीचं आहे. कॅसेट आता परत वाजवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत टेपवर बुरशी धरते, पांढरी पूड दिसते का उजेडात बघा, असली तर ती प्लेअरच्या हेडवर घासून जाते आणि टेपही खरवडते. आत टेप जिथं हेडला टेकते तिथं एक लहान फेल्टची गादी असते, इतक्या वर्षांनी तिचा गोंद सुटतो, ती पडली असेल तर आवाज दबका येतो. स्क्रूवाली दुसरी चांगली कॅसेट घ्या, उघडा, तिच्यातली टेप काढून तुमच्या टेपची दोन्ही चाकं तिच्या पेटीत बसवा. हात कोरडे ठेवा, टेपला बोट लावू नका. प्लेअरचं हेड आणि रबरी चाक साफ करा, हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन. मग एकदाच, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून कॉम्प्युटरवर घ्या, डब्ल्यूएव्ही फाईल करा, एमपीथ्री नको, ती नंतर करता येते. आणि कीर्तन पुसू नका, ते पण घ्या, ते तुमच्या घरातल्या कुणीतरी मुद्दाम भरलेलं आहे.

आता ते गाणं. कॅसेट साठ मिनिटांची धरली तर एक बाजू तीस मिनिटांची. टेप परत भरली की रेकॉर्डरचं पुसायचं हेड आधीचं पुसत पुढं जातं. बुवांचं कीर्तन सव्वीस मिनिटांत आवरलं असणार, बटण बंद झालं, आणि त्याच्या पुढचं जे आधी भरलेलं होतं ते तसंच राहिलं. म्हणजे त्या बाजूला आधी पुरी अर्धा तासाची प्रॅक्टिस असावी.

आमच्या पाच जणांत खानापूरचं कुणी नव्हतं, त्यामुळं वडील आमच्यात नव्हते, दुसऱ्या कुठल्यातरी ग्रुपचे असणार, किंवा रेकॉर्डर त्यांचा असणार. पण कॅम्पात कानडीत मोजून इंग्लिश गाणं सुरू करणारा ड्रमर मला एकच माहीत आहे. आमचा. बाकी सगळे वन टू थ्री फोर म्हणायचे, तो म्हणायचा नाही, त्याचा हात आईच्या भाषेतच वेळेवर पडतो म्हणायचा, आणि तो दुसऱ्या ग्रुपला अडीनडीला जाऊन वाजवायचा हेही मला ठाऊक आहे. चौथा आकडा तो जरा लांबवायचा, नाल्कूऊ असा, आणि त्याच्यावरच उजवा पाय पडायचा. तुमच्या कॅसेटवर तसं आहे का बघा, पण फाईल झाल्यावर. माझा पत्ता मासिकाच्या ऑफिसात मिळेल. फाईल मला पाठवा, मी त्याला ऐकवतो. तो आता धारवाडला मुलाकडं असतो, ऐकायला कमी येतं, पण हेडफोन लावला की येतं.